नीटच्या ताणात ‘हवा पुरत नाही’ असं का वाटतं? दोष ऑक्सिजनचा नाही, कार्बन डायऑक्साइडचा

मे महिन्याची दुपार, हातात नीटचा पेपर. २०२५ मध्ये ऐच्छिक प्रश्न काढून टाकल्यावर हिशेब सरळ झाला: १८० प्रश्न, १८० मिनिटं. सुरुवातीचेच चार प्रश्न अडले की एखाद्याचा श्वास जलद होतो. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत हवाच पुरत नाही असं वाटतं. म्हणून तो आणखी मोठे श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

‘लातूर पॅटर्न’चं लातूर आणि शेजारचं नांदेड इथे हजारो मुलं घर सोडून नीटच्या तयारीला येतात. २०२४ मध्ये पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा अभ्यासाच्या ताणात अनिश्चिततेचीही भर पडली. असा झटका होस्टेलच्या खोलीवर आला तर सोबतची मुलं घाबरतात. काहींना तो हार्ट अटॅक वाटतो.

रक्तात नेमकं काय होतं?

शरीरातल्या पेशी सतत कार्बन डायऑक्साइड तयार करतात. तो रक्तातल्या पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल बनतं. म्हणजे हा वायू वाढला की रक्ताची आम्लता वाढते, घटला की कमी होते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. मूत्रपिंडंही तो सांभाळतात, पण त्यांना तास, कधी दिवस लागतात. फुफ्फुसं हेच काम काही मिनिटांत करतात.

मेंदूच्या खालच्या भागातलं श्वसनकेंद्र यावर लक्ष ठेवतं. एरवी श्वासाचा वेग ठरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर. ऑक्सिजन बराच घटला, तरच त्याचा प्रभाव ठळक होतो.

मग मुंग्या कशाने येतात?

भीतीने श्वास गरजेपेक्षा जलद झाला की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि पीएच वर सरकतो. त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, नसा उत्तेजित होतात आणि मुंग्या येतात. कधी बोटं आखडतातही. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर येते.

हिमोग्लोबिनही ऑक्सिजन सहज सोडत नाही. जीवशास्त्रात शिकवला जाणारा ‘बोर परिणाम’ तो हाच. अशा वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा सहसा उत्तम दिसतो.

कागदी पिशवीत श्वास घ्यावा का?

नाही. सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घ्यावा, अशी या जुन्या उपायामागची कल्पना. पण धाप दम्यामुळे किंवा हृदयविकारामुळे लागली असेल, तर पिशवीमुळे ऑक्सिजन घटून जीवावर बेतू शकतं.

मग काय करावं?

पेन खाली ठेवावं, खांदे सैल सोडावेत. तोंड मिटून नाकाने हलका श्वास घ्यावा आणि आत घेताना लागतो त्याहून जास्त वेळ लावून सोडावा. उदाहरणार्थ, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बहुतेकदा काही मिनिटांत फरक पडतो. गेलेल्या दोन-तीन प्रश्नांपेक्षा उरलेला पेपर महत्त्वाचा. सराव परीक्षांतच ही सवय लावली तर ऐनवेळी आठवते.

कधी थांबू नये?

प्रत्येक जलद श्वास भीतीचा नसतो. मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन आम्लं साचली, तर शरीर स्वतःहून खोल, जलद श्वास घेऊन आम्लता कमी करू पाहतं. इथे तो श्वास म्हणजे बचाव आहे, तो रोखायचा नसतो. मधुमेह असलेल्या मुलाला धाप, उलट्या, पोटदुखी किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठावं. छातीत घरघर, निळसर ओठ, छातीत दुखणं, बेशुद्धी किंवा पहिल्यांदाच आलेला झटका असेल, तरी ‘टेन्शनच असेल’ असं स्वतःच ठरवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा.

झटके वारंवार येत असतील, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. होस्टेलच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी हे दोन्ही क्रमांक लिहिलेले असले, तर रात्री दोन वाजता रूममेटला शोधाशोध करावी लागणार नाही.