किल्ली कधी सोडावी?

आज थोडे क्रिकेटविषयी बोलू. माजघरातल्या मायबहिणींनी एवढ्यावरूनच पान उलटू नये. गोष्ट चेंडूफळीची असली तरी ती तुमच्या कमरेच्या किल्लीपर्यंत येणार आहे.

ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह वॉ अनेकांना आठवत असेल. चेहरा कठोर, डोळे बारीक, खिशात लाल रुमाल. डिसेंबर १९८५ मध्ये मेलबर्नला तो पहिला कसोटी सामना खेळला, तो भारताविरुद्ध. शेवटचा खेळला जानेवारी २००४ मध्ये, आपल्याच सिडनी शहरात, तोही भारताविरुद्धच. मधल्या अठरा वर्षांत १६८ कसोट्या, ३२ शतके आणि १०,९२७ धावा. कप्तान म्हणून ५७ कसोट्यांपैकी ४१ जिंकल्या. १९९९ चा विश्वचषकही त्याच्याच कप्तानीखाली आला. त्याच्या संघाची सलग सोळा विजयांची घोडदौड मार्च २००१ मध्ये कोलकात्याला लक्ष्मण, द्रविड आणि हरभजन यांनी रोखली, ते तर आपल्याकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ होते.

माणूस मैदानावर गोड नव्हता. त्याचा संघ समोरच्याला बोलूनही हैराण करी. पण याच माणसाने कोलकात्याजवळच्या बराकपूरला कुष्ठरोग्यांच्या मुलांसाठी चालणारे 'उदयन' हे घर पाहिले आणि तिथल्या मुलींच्या निवासासाठी पैसा उभा केला. आनंदवनामुळे या कामाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. फेब्रुवारी २००२ मध्ये निवड समितीने त्याच्याकडून एकदिवसीय सामन्यांची कप्तानी काढून घेतली. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान रिकी पाँटिंगला दिली. जिंकत्या माणसाला हे झोंबणारच. पण वॉ रुसून घरी बसला नाही. कसोटीची कप्तानी त्याच्याकडे होती, ती तो करीत राहिला. पाँटिंग तोवर अर्ध्या कारभारावर हात बसवत होता. मार्च २००३ मध्ये त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवले. नोव्हेंबर २००३ मध्ये वॉने जाहीर केले, की भारताविरुद्धची मालिका संपली की मी थांबणार. तारीख ठरली, वारस तयार होता. कोणाला धक्का बसला नाही, की घरात भांडण झाले नाही.

मागे आम्ही सिडनीला पुतण्याकडे गेलो होतो. बरोबर थोरले बंधू होते. एका संध्याकाळी पुतण्या आम्हाला डार्लिंग हार्बरला जेवायला घेऊन गेला. एके काळी हा मालधक्का. आगगाडीने गहू आणि लोकर यायची आणि इथून जहाजावर चढायची. पुढे ते काम सरले, धक्का ओस पडला. मग १९८८ साली सरकारने तो नव्याने बांधून लोकांना फिरायला खुला केला. आता काठाने खाणावळीच खाणावळी, आणि पाण्यात दिव्यांच्या लांबच लांब रेघा.

आम्ही बसलो ते आपल्या देशी जेवणाचे हॉटेल. टेबल अगदी पाण्याच्या कडेला. तंदूरचा वास आला तेव्हा बंधूंच्या जिवात जीव आला. भाकरी नव्हती, पण नान होती, काळ्या उडदाची डाळ होती, छोले होते. शेजारच्या टेबलावर गोरे कुटुंब हाताने नान मोडून खात होते. पुतण्या म्हणाला, "आबा, इथले शेतकरीही हरभरा पिकवतात. जहाजाने आपल्याकडे पाठवतात." बंधू हसले, "म्हणजे हरभरा त्यांचा आणि फोडणी आपली!"

वाढप्याने पदार्थांचे कार्ड रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यापुढे ठेवले. बंधूंनी ते न उघडता सूनबाईंकडे सरकवले. "तूच सांग गं. इथलं तुला कळतं." मी बघतच राहिलो. गावी त्यांचा धाकटा मुलगा अडतीस वर्षांचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे. पण डिझेलला पैसे हवे असले तरी वडिलांपुढे उभा राहतो. कारखान्याकडे उसाची नोंद, सोसायटीचे कर्ज, बाजाराची पट्टी, सारे बंधूंच्या हाती. कपाटाची किल्ली जानव्याला.

जेवता जेवता स्टीव्ह वॉचा विषय निघाला. पुतण्या २००३ साली शिकायला तिथे गेलेला. त्या शेवटच्या दिवशी तो मैदानात होता. आपण ७ बाद ७०५ धावांचा डोंगर रचला होता, त्यात सचिनच्या नाबाद २४१. शेवटच्या डावात त्यांच्यापुढे ४४३ धावांचे लक्ष्य होते, आणि सामना त्यांच्या हातून जातो की काय असे वाटत होते. तेव्हा वॉ उभा राहिला. लोक लाल रुमाल हलवत होते. त्याने ८० धावा काढल्या. कुंबळेला उंच फटका मारताना सीमेजवळ सचिननेच त्याचा झेल घेतला. सामना अनिर्णित राहिला, मालिका एक-एक अशी बरोबरीत सुटली. सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी काढली.

या डावातली एक आठवण सांगतात. यष्टीमागे आपला पार्थिव पटेल, वय अवघे अठरा. तो वॉला म्हणाला, जाण्याआधी तुमचा तो नेहमीचा आडवा फटका एकदा दाखवा की! वॉने ऐकवले, की मी पहिली कसोटी खेळलो तेव्हा तू लंगोटात होतास, जरा मान ठेव. मंडळी, प्रत्येक घरात हाच संवाद चालतो. तरण्याला घाई आणि म्हाताऱ्याला मान हवा. दोघांचेही चुकत नाही.

बंधू ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "डोक्यावर ती जुनी फाटकी टोपी घालायचा, ती त्याने पाँटिंगला दिली काय?"

"नाही आबा. कप्तानी दिली. टोपी ज्याची त्याची. पहिल्या दिवशी मिळालेली तीच तो शेवटपर्यंत घालत होता."

बंधू पुढे काही बोलले नाहीत. बिल आले तेव्हा मात्र त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. मुलाने दिले, त्यांनी देऊ दिले.

वाचकहो, कप्तानी आणि टोपी यांतला हा फरक नीट ध्यानात घ्या. कारभार द्यावा, आणि हातपाय धड असताना द्यावा. आधी अर्धा द्यावा, चुका होऊ द्याव्यात, तारीख ठरवून उरलेला द्यावा. अंथरुणाला खिळल्यावर दिलेली किल्ली ही दिलेली नसते, ती काढून घेतलेली असते. चाळिशीपर्यंत ज्याने एक निर्णय घेतला नाही, त्याच्यावर एके दिवशी सगळा डोंगर कोसळतो, आणि मग आपण म्हणतो, पोराला अक्कल नाही.

पण सातबारा ही तुमची टोपी आहे. माया आली म्हणून भरभर सह्या करू नका. करायच्याच असतील तर सांभाळ करण्याची अट कागदावर लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशी सोय आहे: सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते रद्द करून घेता येते. अटच लिहिलेली नसेल तर मात्र हेलपाटे नशिबी येतात. आणि घरच्या लक्ष्मीचे नाव उताऱ्यावर आहे का, तेही याच वेळी पाहा. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला आणि कागदावर नावच नाही, अशी घरे थोडी नाहीत.

आमच्या बंधूंचे म्हणाल, तर परतल्यावर उसाची नोंद धाकट्यानेच केली. बंधूंचा जीव ८६०३२ वर, पोराने लावला २६५. त्यांनी एकदाच विचारले, "जात कोणती लावलीस?" उत्तर ऐकले, ओठावर आलेला शब्द गिळला आणि गोठ्याकडे निघून गेले.

तो गिळलेला शब्द त्यांच्या साऱ्या कारभारातला सर्वांत अवघड निर्णय असेल.