चारशे व्होल्टला अनडू नसतो

आपल्या आयटीवाल्यांची एक लाडकी पद्धत आहे. काही बिघडलं की एक ओळ बदलायची आणि पुन्हा चालवून बघायचं. नाही चाललं? दुसरी ओळ बदलायची. तरीही नाही? रीस्टार्ट. अगदीच नाही जमलं तर जुनी आवृत्ती परत आणायची आणि चहा प्यायला जायचं. याच पद्धतीवर आपली पोटं भरतात, तेव्हा तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. माझं भांडण आहे ते हीच सवय सोल्डरिंगच्या टेबलावर घेऊन येणाऱ्यांशी. आणि त्यातही इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधायला घेणाऱ्यांशी.

हे प्रकरण माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या हेडफोनमध्ये कॉइल आणि मॅग्नेट असतं. इथे ती भानगडच नाही. काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या, त्यांना स्टेटर म्हणतात. पडद्यावर कायमचा चार्ज ठेवायचा, तो बायस. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या 'प्रो' हेडफोनना तो ५८० व्होल्ट लागतो. मग दोन स्टेटरवर सिग्नल एकमेकांच्या उलट द्यायचा, की पडदा हलतो. स्टॅक्सचा २०११ साली आलेला एसआर-००९ हेडफोन १०० व्होल्टला सुमारे १०१ डेसिबल आवाज देतो. साधा हेडफोन एखाद्या व्होल्टातच कान किटवतो! म्हणून या अ‍ॅम्पच्या पोटात शेकडो व्होल्ट लागतात. केविन गिलमोर यांचं केजीएसएसएचव्ही हे डिझाइन हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. त्यात साधारण अधिक ४०० आणि उणे ४०० व्होल्टच्या रेल असतात. म्हणजे दोन टोकांत ८००.

आता "करून बघू"वाल्यांचं काय होतं ते बघा.

अ‍ॅम्प बांधून झाला. बायसच्या पिनवर मल्टीमीटर लावला. ५८० यायला हवेत, आले ३९०च्या आसपास. झालं! डायोड बदला, कपॅसिटर बदला, झेनर बदला. आकडा ढिम्म हलत नाही. अरे, हलेल कसा? बायसच्या वाटेत मुद्दाम ४.७ मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर घातलेला असतो आणि चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. दोघांत व्होल्टेज वाटलं जातं. ५८० गुणिले १०, भागिले १४.७. उत्तर ३९५. अ‍ॅम्प ठणठणीत आहे, आकडा मीटरने खाल्लाय. तोच लॅमिंग्टन रोडवर मिळणारा स्वस्तातला पिवळा मीटर लावलात, तर त्याचा रेझिस्टन्स एकच मेगाओहम, म्हणजे तो १०० व्होल्टच दाखवेल. हे गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे. आपण सगळे त्यात नव्वदच्या वर मार्क घेऊन इंजिनिअरिंगला गेलोय.

इथपर्यंत फक्त पैसे आणि रविवार वाया गेला. खरा राग मला पुढच्या पायरीचा येतो. कोणीतरी हुशार ठरवतो की हा मोठा रेझिस्टरच अडवतोय, काढून टाकू. काढतो, आकडा वर येतो, मंडळी खूश. पण तो रेझिस्टर कशासाठी होता? उद्या केबल सोलवटली आणि कोणाचा हात लागला, तर ५८० व्होल्टमधून ०.१२ मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर करंट जाऊ नये यासाठी. तो काढलात म्हणजे "बग फिक्स" झाला, आणि असा फिक्स केलेला हेडफोन तुम्ही बायकोच्या नाहीतर धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवणार. ऑफिसात अशी चूक कोड रिव्ह्यूमध्ये तरी पकडली जाते. घरी रिव्ह्यू कोण करणार?

"घरात ईएलसीबी आहे की!" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. ईएलसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. अ‍ॅम्पचे ४०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला असतात. तिथून करंट तुमच्यातून गेला तरी तो त्याच बाजूच्या वाइंडिंगला परत जातो, अलीकडे फरक पडतच नाही. ईएलसीबी शांत झोपलेला असतो.

आणि स्विच बंद केला म्हणजे अ‍ॅम्प मेला असंही नाही. ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात ३७ ज्यूल ऊर्जा असते. त्याच्यावर २२० किलोओहमचा ब्लीडर असला, तरी ५० व्होल्टपर्यंत उतरायला साडेतीन मिनिटं लागतात. ब्लीडरचं सोल्डर कच्चं असेल तर? मग तो कितीतरी वेळ भरलेलाच राहतो. म्हणून दर वेळी मोजायचं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून मर्दुमकी दाखवायची नाही, १० किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावून उतरवायचं आणि मग पुन्हा मोजायचं, कारण कपॅसिटरचं व्होल्टेज थोडं परत वर येतं. मीटरच्या क्लिप आधी लावायच्या, मग स्विच चालू. चालू अ‍ॅम्पमध्ये हात घालावाच लागला तर एकच, दुसरा खिशात, म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जायला वाट मिळत नाही. आणि रात्री दोन वाजता, घरात कोणी नसताना तर मुळीच नाही.

यावर काही लोक म्हणतात, मग सरळ विकत घ्या ना, कशाला नसते उद्योग? मला हेही पटत नाही. ही सर्किट्स जाणकारांनी मोकळ्या मनाने सगळ्यांना दिलीत. तयार अ‍ॅम्प लाखाच्या घरात जातात. आणि स्वतः बांधलेल्या अ‍ॅम्पवर पहिल्यांदा तंबोरा ऐकायची मजा कुठल्याच दुकानात मिळत नाही. बांधा, जरूर बांधा.

दुसरे म्हणतात, प्रयोग केल्याशिवाय शिकणार कसं? कबूल. पण प्रयोग कशाला म्हणायचं? प्रोब लावायच्या आधी कागदावर आकडा लिहायचा: इथे इतके यायला हवेत. मग मोजायचं. जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर का, ते शोधायचं. आधी नुसता पॉवर सप्लाय, मग एक चॅनल, मग दुसरा, हेडफोन सगळ्यात शेवटी. एका कानाला आवाज कमी येतोय? ट्रान्झिस्टर उपटण्याआधी इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी बदला. दोष दुसऱ्या कानात गेला तर भानगड अ‍ॅम्पच्या आधीची आहे. त्याच कानात राहिला तर अ‍ॅम्प किंवा हेडफोन, मग दुसऱ्या हेडफोनवर ऐका. दोन मिनिटांत निम्मा प्रश्न सुटतो. आकडा न लिहिता पार्ट बदलत बसणं म्हणजे लॉटरी, आणि या लॉटरीत तिकीट म्हणून स्वतःला लावायचं असतं.

असो. या वीकेंडला ज्यांचा सोल्डरिंग आयर्न तापतोय त्यांनी आधी पेन हातात घ्या. आकडे लिहा. स्विच कुठे पळून जात नाही.