फळांच्या करंडीचा कैवार

फळे हुबेहूब रंगवण्यात हातोटी दिसते, कला नाही, असे म्हणणारे पूर्वीही होते, आजही आहेत. आंद्रे फेलिबियाँने फ्रेंच अकादमीच्या १६६७ मधल्या व्याख्यानांना प्रस्तावना लिहिताना चित्रप्रकारांची उतरंड लावली आणि फळे, फुले, शिंपले रंगवणाऱ्याला तळाशी बसवले. १८३९ मध्ये दागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले आणि आक्षेपाला नवी धार आली: यंत्र करते त्या कामाला कुंचला कशाला? आपल्याकडे तर चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतले स्थिरचित्र म्हणजे हात बसवण्याचा सराव, एवढीच त्याची ओळख उरली आहे.

या आक्षेपांची परीक्षा चित्रकार काराव्हाज्जोच्या फळांच्या करंडीसमोर व्हावी. १६०० च्या आसपासचे हे तैलचित्र मिलानच्या अम्ब्रोझियाना संग्रहालयात आहे.

पहिला आक्षेप नकलेचा. या चित्रात ना खोली दिसते, ना भिंत. मागे फिकट पिवळसर, सपाट रंग आहे. करंडी नजरेच्या पातळीवर आहे आणि तिचे बूड ती ठेवलेल्या पृष्ठभागाच्या कडेबाहेर किंचित आलेले आहे, म्हणून ती आपल्या अंगावर येते. समोरचे सगळे मुकाट उतरवून घेणारा असे करत नाही. काय गाळायचे, प्रेक्षकाला कुठे उभे करायचे, हे चित्रकाराने ठरवले आहे. इतके निर्णय घेणाऱ्याला विचारशून्य कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. कॅमेराही निवड करतो, हे मान्य. पण चित्रकाराला प्रत्येक द्राक्षाशी स्वतंत्र थांबावे लागते: सालीवरचा पांढुरका थर कुठे ठेवायचा, उजेड कुठे आरपार जाऊ द्यायचा. सफरचंदावरचे किडीचे भोक, सुकून मुरडलेली पाने यांतले काहीही आपोआप उमटलेले नाही.

काही कैवारी म्हणतात, ते भोक मृत्यूचे प्रतीक आहे, म्हणून चित्र थोर. हा अर्थ लागू शकतो. पण फळाला उसन्या मोठेपणाची गरज नाही. फुलांचे चांगले चित्र काढायला माणसांच्या चित्राइतकेच कसब लागते, असे काराव्हाज्जोचे मत असल्याचे त्याचा आश्रयदाता जुस्तिनियानी याने नोंदवले आहे. करंडीचे मालक कार्डिनल बोर्रोमेओ यांनी तिला जोडचित्र शोधले; तिच्या तोडीचे मिळाले नाही, म्हणून ती एकटीच राहिली, असे त्यांनी १६२५ मध्ये लिहिले.

वास्तववादी चित्रकार सोयीचे तेवढेच पाहायला नकार देतो, आणि यातच या प्रकाराचे मोठेपण आहे. नासलेल्या फळालाही तो टवटवीत फळाइतकाच वेळ देतो. अशी नजर कमावलेला चित्रकार माणसाचा चेहराही खोटा रंगवणार नाही. म्हणून वर्गात प्लास्टिकची चकचकीत फळे मांडणे थांबवावे. बाजारातली डागाळलेली फळे मुलांसमोर ठेवावीत आणि काय ठेवले, काय गाळले, का गाळले, हे त्यांना विचारावे.