मुक्कामाची संध्याकाळ आणि मराठी चित्रपट

कामानिमित्त परगावी मुक्काम पडला की दिवस कसा जातो ते कळत नाही. संध्याकाळ मात्र सरता सरत नाही. भेटीगाठी आटोपलेल्या असतात, जेवणाला अवकाश असतो आणि लॉजच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर तीच ती तावातावाची चर्चा चाललेली असते. पत्रकारितेच्या निमित्ताने गेली तीस वर्षे अशा शेकडो संध्याकाळी मी वाया घालवल्या आहेत. त्यांपैकी एक सत्कारणी लागली, तिची हकिकत आधी सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नाशिकला दोन दिवसांचे काम निघाले. पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या स्नेह्याचा दूरध्वनी आला. ‘अरे, नाशकात आहेस ना? मग ‘गोदावरी’ पाहूनच ये. त्या चित्रपटासाठी याहून योग्य गाव नाही.’ गेलो. निखिल महाजन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. घाटाजवळच्या जुन्या वाड्यातील देशमुख कुटुंब आणि त्या कुटुंबाशी, गावाशी, नदीशीही फटकून राहणारा, भाडेवसुली करीत हिंडणारा निशिकांत. जितेंद्र जोशी यांना या भूमिकेसाठी २०२१ च्या गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला होता. आजोबांच्या भूमिकेत विक्रम गोखले होते. चित्रपट प्रदर्शित झाला ११ नोव्हेंबरला आणि २६ तारखेला गोखले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागण्यापूर्वी रामकुंडावर जाऊन आलो. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थांत याच घाटावर मी अनेक दिवस वार्तांकन केले होते. तेव्हा तो घाट म्हणजे माझ्या लेखी बातमीची जागा होती. त्या सकाळी अस्थिविसर्जनासाठी आलेले एक कुटुंब पायरीवर निःशब्द बसलेले दिसले आणि मी वही खिशातून काढली नाही. एका चित्रपटाने एवढे केले, हे काही थोडे नव्हे.

त्याच दुपारी घरी पुण्याला सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘अहो, मग रविवारी आम्हालाही घेऊन चला की.’ रविवारी पाहुणे आले. पुढच्या आठवड्यात चौकशी केली, तर आमच्या भागात एकच खेळ उरलेला. तोही कामाच्या दिवशी भर दुपारी. घरच्यांनी तो चित्रपट पुढे काही महिन्यांनी घरच्या लहान पडद्यावर, मध्येच दाराची घंटा वाजत असताना पाहिला. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला. पण तिकीटखिडकीवर आमच्या नावावर एकच तिकीट जमा होते. यात दोष चित्रगृहाचा कमी आणि माझ्या ‘पाहू कधीतरी’चा अधिक.

मराठी चित्रपटाचे आयुष्य आज शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत ठरते. सोमवारी चित्रगृहाचा व्यवस्थापक आकडे पाहतो आणि पुढच्या आठवड्याच्या वेळा त्यावरून लावतो. मोठ्या हिंदी चित्रपटाची जाहिरात महिनाभर आधीपासून घराघरात पोहोचलेली असते. मराठी निर्मात्याकडे तेवढा पैसा नसतो. त्याची खरी जाहिरात म्हणजे प्रेक्षकाच्या तोंडचे दोन शब्द. ते शब्द पोहोचेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याचा आग्रह धरला. त्यावर वाद झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी विस्तारली गेली. शासन पडदा मिळवून देऊ शकेल. खुर्चीत माणूस आणून बसवणे शासनाचे काम नव्हे.

या संदर्भात नाशिकचेच एक उदाहरण आठवते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. तोही धंद्यानिमित्तचाच प्रवास होता. यंत्रसामग्री आणायची, तंत्र पाहून घ्यायचे, एवढ्यासाठी ते गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे त्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रनिर्मिती नाशिकला आणली; १९४४ मध्ये त्यांचा देहही तेथेच पडला. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे स्मारक त्यांचेच. पण चित्रपट काढून फाळके थांबले नाहीत. सुरतेला पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपयांचा गल्ला झाला, तेव्हा त्यांनी जाहिरातच बदलली. चित्रफितीची लांबी मैलांत आणि छायाचित्रांची संख्या हजारांत सांगून, हे सारे अवघ्या तीन आण्यांत पाहायला मिळेल, असे लोकांना पटवले आणि गर्दी लोटली. ‘चांगले आहे, या आणि पाहा’ हे सांगण्याचे कष्ट चित्रपटसृष्टीच्या जनकालाही चुकले नाहीत. ते आपल्याला कसे चुकतील?

म्हणून गेल्या काही वर्षांतील चार नावे येथे नोंदवतो. पहिले ‘मी वसंतराव’ (२०२२). लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करीत गाणे जपणाऱ्या पं. वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आहे. नोकरीपायी छंद गुंडाळून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा पाहावा. दुसरे ‘श्यामची आई’ (२०२३). साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाने याच कथेवर पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले होते. सुजय डहाके यांनी नव्या काळात तीच कथा धैर्याने कृष्णधवल रंगात मांडली. मुलांना शेजारी बसवून दाखवावा असा हा चित्रपट. तिसरे ‘पाणी’. नांदेड जिल्ह्यातील एका तहानलेल्या गावाची ही सत्यकथा. पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार तिला २०१९ मध्ये जाहीर झाला. सर्वसामान्य प्रेक्षकांना ती चित्रगृहात दिसायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. चौथे ‘स्थळ’ (२०२५). जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील गावकऱ्यांनाच घेऊन मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाचे जे चित्र उभे केले आहे, ते पाहताना आपल्या घरातील कांदेपोह्यांचे प्रसंग आठवून मान खाली जाते.

आणि जे चालले त्याचाही उल्लेख हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी कोकणातील दशावतारी कलावंत उभा केला आणि लोकांनी चित्रगृहे भरली. प्रेक्षक नाही, ही तक्रार त्यामुळे पुरती खरी नाही. प्रेक्षक आहे, त्याला वेळेवर निरोप मिळायला हवा.

येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ‘मराठी आहे म्हणून पाहा’ असे सांगणे ही शिफारस नव्हे, ती वर्गणी झाली. अभिमानापोटी सुमार चित्रपटाची भलामण केली, तर पुढच्या वेळी चांगल्यासाठी टाकलेला आपला शब्दही फुकट जातो. वाईटाला वाईट म्हणणाऱ्याच्याच ‘चांगल्या’ला किंमत असते. माझा तो स्नेही वर्षातून दोनदाच चित्रपट सुचवतो. म्हणूनच त्या रात्री मी लॉजवरून उठून गेलो.

आपल्यापैकी अनेकांना नोकरी, व्यवसाय वा संघटनेच्या कामासाठी सतत प्रवास घडतो. बॅग भरताना त्या गावी कोणता मराठी चित्रपट लागला आहे, एवढे पाहून ठेवावे. इंदूर, बडोदे किंवा बेळगावला असाल तर मुद्दाम चौकशी करावी. चौकशी झाली तरच तेथे खेळ लागतात. पाहून झाल्यावर आवडला तर त्याच रात्री घरी आणि चार स्नेह्यांना कळवावे. नुसते ‘छान आहे’ नव्हे, तर कोठे, किती वाजता आणि का पाहावा तेही सांगावे. आणि रविवारी पाहुणे आले, तर त्यांनाही सोबत घेऊन जावे. आम्ही आता तसेच करतो.