सरकारची मर्जी आणि वृत्तपत्रांची लेखणी

वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत, असे आपणांस नित्य सांगण्यात येते. पण ती कोणापासून स्वतंत्र आहेत, हे विचारण्याचे धैर्य फार थोडे दाखवितात.

1975 च्या जूनमध्ये देशावर आणीबाणी लादली गेली, तेव्हा दिल्लीतील अनेक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची वीज तोडण्यात आली आणि छपाईपूर्वी मजकुरास सरकारी संमती घेण्याची सक्ती झाली. काही थोड्या पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी ठेवून निषेध नोंदविला. बहुतेकांनी मान तुकविली. सरकारपाशी केवळ तुरुंगच असतो असेही नव्हे. एके काळी कागदाचा कोटा होता. सरकारी जाहिरात आजही आहे. जाहिरातीचे मीठ खाणारी लेखणी त्या मिठाला जागते, प्रजेला नव्हे! आणि जो जागत नाही, त्यास राष्ट्रद्रोही ठरविले जाते. सरकार म्हणजे राष्ट्र नव्हे. सरकार बदलण्याचा हक्क तर घटनेनेच मतदारास दिला आहे, हे असे म्हणणाऱ्यांस ठाऊक नाही काय?

परंतु सरकारचा अंकुश गेला की वृत्तपत्र आपोआप न्यायी होते, हाही भ्रमच होय. 1920 साली बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. असा हुकूम कोणा इंग्रज अधिकाऱ्याने काढला होता? तो हुकूम जातीचा होता. राज्यसत्तेशी झुंजणारी लेखणी जातिसत्तेपुढे निमूट झाली.

वृत्तपत्रास नागरिकाहून निराळा असा खास हक्क नाही, असे बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट सांगितले होते. त्याचा अर्थ असा की, अनुच्छेद 19 चे स्वातंत्र्य ही मालकाची वा संपादकाची मिरास नव्हे. ते तुमचे-आमचे आहे. ते आपण वापरले नाही, तर दुसरा कोणी आपल्याकरिता वापरणार नाही.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, ऐकीव आहे वा परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काहीही खरे मानू नका, असे तथागतांनी कालामांस सांगितले. छापील शब्दासही तोच नियम लावा. आपल्या वस्तीवरील अन्यायाची बातमी कोणी दडपली, ते पाहा. ती स्वतः लिहून पाठवा. आणि आपल्या पत्राची वर्गणी वेळेवर भरा. जे पत्र वाचकांच्या वर्गणीवर जगते, त्यास सरकारच्या दारी उभे राहावे लागत नाही.

जय भीम!