नागपूरचा जॉन स्मिथ

परवा रंकाळ्यावर बार्सिलोनाचा टी-शर्ट घातलेल्या मित्राला विचारलं, स्पेनच्या यादवीत (१९३६-३९) लढलेला मराठी माणूस माहितेय का? नाही म्हणाला. मलाही गेल्याच महिन्यात कळलं! तिथल्या परदेशी स्वयंसेवकांत सगळ्यात जास्त फ्रेंच, ९००० च्या आसपास. त्यांच्याच बाजूने नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दारही लढले, 'जॉन स्मिथ' या नावानं. संघाचे पहिले सरकार्यवाह, लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि फ्रँकोविरुद्ध बंदूक उचलली. १९३८ मध्ये पकडले गेले, कैद भोगली, सुटून परतले ते पुढे कम्युनिस्ट झाले. म्हणूनच बहुधा दोन्हीकडच्यांना अडचणीचे! मला विचाराल तर, मत बदललं आणि त्यासाठी जीव पणाला लावला, असा माणूस पाठ्यपुस्तकात हवाच. आपण ऑनसाइटला कशासाठी जातो ते... असो.