मांजराच्या घरातील कोरफड

घरात मांजर वावरत असेल, तर खिडकीतील कोरफडीचा विचार आधी करावा. घरगुती औषध म्हणून आपण जिच्यावर विसंबतो, तीच मांजराला बाधते. तिच्या सालीलगतच्या पिवळ्या, कडू चिकात रेचक द्रव्ये असतात. पान चावल्यास मांजराला उलट्या, जुलाब होऊन मरगळ येऊ शकते. पानफुटीविषयी तर अधिकच सावध राहावे. ती आणि रोपवाटिकेत रंगीत फुलांनी मोहविणारा कलांचो एकाच गोत्रातील. दोहोंत हृदयाची लय बिघडविणारी द्रव्ये आहेत. जेड, स्नेक प्लांट आणि चीक गाळणारा शेर यांनाही अशा घरात थारा देऊ नये. कुंडी उंच फळीवर ठेवण्याचा उपाय सुचविणाऱ्यांनी बहुधा मांजर पाळलेले नसते!

मांसल पानांच्या रोपांची हौस मात्र सोडण्याचे कारण नाही. हावर्थिया, एचेव्हेरिया आणि लोंबत्या वेणीसारखा बरोज टेल ही रोपे मांजरांना विषारी नाहीत. घरासाठी आमची पहिली पसंती हावर्थियाला. तिला कडक ऊन लागत नाही, खिडकीजवळचा उजेड पुरतो. पांढऱ्या पट्ट्यांची हावर्थिया छोट्या कोरफडीसारखीच दिसते, म्हणून विकत घेताना नीट पाहावे: कोरफडीच्या पानांच्या कडांना दाते असतात, तर हिच्या पानांवर पांढऱ्या खरखरीत ठिपक्यांच्या आडव्या रांगा असतात. शंका राहिल्यास विक्रेत्याला शास्त्रीय नाव विचारावे. ‘शोभेचे रोप’ हे उत्तर पुरेसे नाही. एचेव्हेरियाला ऊन भरपूर हवे, नाहीतर ती लांबट, विरळ होते. कुंडीला तळाशी छिद्र असावे आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घालावे. पावसाळ्यात तर हात आखडताच ठेवावा. मातीवर मोठे गोटे पसरले, की मांजर ती उकरत नाही.

विषारी पान चावले गेल्याचे दिसल्यास घरच्या घरी उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, दूध-तूपही पाजू नये. पानाचा तुकडा किंवा छायाचित्र घेऊन तत्काळ पशुवैद्यांकडे जावे. लाळ गळणे, तोल जाणे ही लक्षणे उमटेपर्यंत थांबू नये.

बिनविषारी रोपही फार खाल्ल्यास पोट बिघडतेच. मांजराला हिरवे कुरतडण्याची ओढ असते. त्यासाठी एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरावेत. आठवडाभरात तिच्या हक्काचे गवत तयार होते.